चंद्रा, देगलूर, हयात

नांदेडला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुना प्रबंध बघायचा असेल तर आधी एक चिठ्ठी भरून द्यावी लागते. चिठ्ठीत दोनच रकाने कामाचे. प्रबंध कोणी लिहिला आणि कोणावर लिहिला. पंचवीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसानं, म्हणजे मीच, ते दोन्ही रकाने उलटे भरले. संशोधक म्हणून लिहिलं ‘चंद्रा, देगलूर’ आणि अभ्यासविषय म्हणून स्वतःचं नाव, आडनावासकट. काउंटरवरच्या मुलीनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली आणि अगदी आदरानं विचारलं, “सर, तुमच्यावर पीएचडी झालीय?”

माझ्यावर कोण करतंय. मी ती चिठ्ठी फाडली, दुसरी भरली. मुलगी आत गेली आणि मी खिशातला पेन चाचपून बघितला. लातूरहून पहाटेची एसटी धरून मी आलो होतो ते एक शब्द खोडायला. विद्यापीठाच्या मालकीच्या पुस्तकात, भरदिवसा, पेननं. आजवर मी लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिलीची रेघसुद्धा मारलेली नाही. उलट मारणाऱ्या पोरांना वर्गात उभं केलंय. निघताना संगीता, म्हणजे माझी बायको, फक्त एवढंच म्हणाली होती, की या वेळी नक्की ना. बावीस वर्षांचा अनुभव होता तिला.

प्रबंध आला. मरून रेग्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली. ‘दक्षिण मराठवाड्यातील लेखिका चंद्रा यांचे कथासाहित्य : एक चिकित्सक अभ्यास’. उघडला तशी आतून खळीचा, झेरॉक्सच्या शाईचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका. ‘दिवंगत लेखिका चंद्रा (देगलूर) यांच्या पवित्र स्मृतीस.’ त्यातला पहिला शब्द मला खोडायचा होता. लिहिला तेव्हा बाई ठणठणीत होत्या.

चंद्रा मला पहिल्यांदा भेटल्या त्या रद्दीत. लातूरला गंजगोलाईच्या मागं एक रद्दीचं दुकान होतं, शेजारी मिरचीचं. त्यामुळं तिथले जुने दिवाळी अंक उघडले की शिंका यायच्या. आता ते दुकानही नाही आणि अंक बांधणारा काथ्याही कुठं दिसत नाही. दर वर्षीच्या कुठल्या तरी अंकात, पार मागं, जाहिरातींच्या आधी एक चार-पाच पानांची गोष्ट असायची आणि खाली नाव ‘चंद्रा, देगलूर’. आडनाव नाही, फोटो नाही. मिरचीच्या खकाण्यात नाकाला रुमाल लावून मी त्या उभ्यानं वाचल्या. एका गोष्टीतली सून सासरी अडकवून ठेवलेली स्वतःची पितळी घागर भर दुपारी डोक्यावर घेऊन, बाजारातून मिरवत माहेरी जाते. एकीतली म्हातारी दिराला शिव्या द्यायला पोपट शिकवते. एकीतली बाई सगळ्या पुरुषांच्या आधी, दार लावून, गव्हाचा गरम चीक एकटी खाते आणि मग दार उघडून म्हणते, या. असल्या एकतीस बाया मी जमवल्या. त्यांच्यातली एकही रडत नव्हती.

आमच्या गाईडांचे दोन नियम होते. पहिला, जिवंत लेखकावर प्रबंध घ्यायचा नाही. तो मधेच नवं पुस्तक काढतो आणि आपला उपसंहार बिघडवतो. दुसरा, लेखिका म्हटलं की वेदना आलीच, तेव्हा चौथं प्रकरण वेदनेचं. पहिल्या नियमासाठी मी देगलूरला जाऊन आलो. म्हणजे भर उन्हात उतरलो, दोन दुकानांत चंद्रा नावाच्या लेखिका कुठं राहतात म्हणून विचारलं, कुणी ओळखलं नाही, मग उसाचा रस प्यालो आणि परतीची गाडी धरली. माझं क्षेत्रीय संशोधन ते एवढंच. गाईड म्हणाले, पंधरा वर्षांत एक गोष्ट नाही, म्हणजे गेल्या असणार. मलाही तसंच वाटलं. सोयीचं होतं ना.

दुसऱ्या नियमासाठी मला कावळा सापडला. एकतीसच्या एकतीस गोष्टींत कावळा होता. बाई घागर घेऊन निघाली की कावळा ओरडायचा, पोपट बोलला की कावळा उडायचा, चीक खाताना खिडकीत कावळा. मी हरखून गेलो. कावळा म्हणजे पिंड, पितर, मृत्यूची पडछाया. चौथं प्रकरण अठ्ठेचाळीस पानांचं झालं. आज ते चाळलं तर कान गरम झाले. एके ठिकाणी मी लिहिलंय, ‘काकरूपाने मृत्यूच जणू या स्त्रियांच्या अंगणात उतरतो.’

तोंडी परीक्षा दिवाळीनंतरच्या थंडीत होती. विभागाचा लांबट हॉल, वर कुरकुरणारा पंखा कशाला चालू होता कोण जाणे. बाहेरगावचे परीक्षक, गाईड, अध्यक्ष आणि जेवणाच्या आशेनं आलेली तीन-चार संशोधक मंडळी. मागच्या बाकावर संगीता डबे घेऊन बसलेली. धपाटे, दही, शेंगांची चटणी. अख्ख्या हॉलला लसणाचा वास. तिच्या शेजारी गर्द हिरव्या लुगड्यातल्या एक बाई, मांडीवर कापडी पिशवी. कुणाची तरी आई असेल म्हणून संगीतानं त्यांना डबे सरकवून जागा दिली होती, पाणी दिलं होतं.

मी कावळ्यावर वीस मिनिटं बोललो. परीक्षक खूश होते. शेवटी अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, की उपस्थितांपैकी कुणाला काही शंका. असं विचारतात, आणि कुणी काही विचारत नाही, कारण सगळ्यांना भूक लागलेली असते.

हिरव्या लुगड्यातल्या बाई उठल्या. म्हणाल्या, “ह्या लेखिकाबाई गेल्या कशानं?”

मी उपलब्ध साधनांचा आधार घेतला. निश्चित सांगता येत नाही, पण दीर्घ आजार असावा, अखेरच्या कथांतून तसे संकेत मिळतात, असं काहीसं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, पुढं येऊन परीक्षकांसमोर ठेवला. तो होता हयातीचा दाखला. नवऱ्यामागं पेन्शन घेणाऱ्या बायांना दर वर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं, त्याची प्रत. नाव चंद्रकला, गाव देगलूर, सही कालपरवाचीच. पेपरात आमची बातमी आली होती, दिवंगत लेखिकेवर संशोधन म्हणून. ती वाचून बाई दाखला आणि पहिली गाडी, दोन्ही घेऊन आल्या होत्या.

परीक्षकांनी दाखला उलटसुलट बघितला. अध्यक्षांकडं सरकवला. बाईच म्हणाल्या, “अन् कावळा पापड खायला यायचा, बाबा. घराच्या धाब्यावर वाळवण राखत लिहायची मी. बाईमाणूस कागद घेऊन बसलं की घराला दहा कामं आठवतेत. वाळवण राखत बसलं तर कुणी उठवत न्हाई. डाव्या हातात काठी, उजव्या हातात पेन. कावळा आला की वाक्य तुटायचं. मग मी त्याला वाक्यातच घ्यायची.”

परीक्षक हसले, अध्यक्ष हसले, मग रीतसर मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. टोपणाला दोरा गुंडाळलेला एक जुना शाईपेन त्यांनी माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, “खोड. माझ्यासमोर.”

मी गाईडांकडं बघितलं. गाईडांनी पंख्याकडं बघितलं. मग त्यांनी सांगितलं, की प्रबंध दाखल झालेला आहे, बदलाची एक पद्धत असते, अर्ज असतो, ते नंतर रीतसर होईल. मी म्हणालो, “करतो की, आक्का.” आक्का हे कुठून तोंडात आलं माहीत नाही, पुढं कळलं, देगलुरात सगळे त्यांना आक्काच म्हणतात, चंद्रा हे नाव तिथं कुणाच्या कानावरच नव्हतं. त्यांनी पेन माझ्या खिशाला लावला. “ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. खोडलं की आणून दे.” मग मागं जाऊन संगीताच्या डब्यातला धपाटा खाल्ला आणि चटणीत मीठ जरा कमी आहे म्हणून सांगितलं.

पीएचडी मिळाली. पेन त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये हरवला.

पुढच्या उन्हाळ्यात आक्कांचं पोस्टकार्ड आलं, संगीताच्या नावावर. कुरडया करायच्या आहेत, ये, येताना त्याला घेऊन ये. ‘त्याला’ म्हणजे मला. माझी सासुरवाडी शिरूर अनंतपाळची, कुरडईचा हात तिथल्या बायकांचा. आक्कांनी हे एका धपाट्यावरून ओळखलं असावं. तेव्हापासून चैत्र लागला की आम्ही लातूरहून उदगीरमार्गे देगलूर गाठायचो. कॉलेजच्या परीक्षा, पेपर तपासणी, सगळं त्या चार दिवसांच्या अलीकडं-पलीकडं सरकायचं.

ते दिवस मला अजून नाकानं आठवतात. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास जिन्यातच गाठायचा. पहाटे चुलीवर चीक शिजायचा, रटरट, आणि पहिली वाटी तेल-मीठ घालून आक्का स्वतः खायच्या, दार लोटून. गोष्टीतल्यासारखंच. मग दार उघडून म्हणायच्या, “रा, कूर्चो.” तेलुगूत, ये, बस. खालच्या गल्लीत भाजीवाली तेलुगूतच ‘कूरगायलू’ म्हणून लांबलचक ओरडत जायची, पलीकडं कुणी तिला मराठीत भाव करायचं, आणि भांडण मिटायचं ते कानडीत. कापसाच्या जिनिंगकडून सरकीचा तेलकट वारा यायचा. धाब्यावर जुनी धोतरं पसरलेली, कोपऱ्यांवर दगड, आणि त्यावर संगीताच्या सोऱ्यातून पडणाऱ्या कुरडया, पांढऱ्याशुभ्र, ओल्या. दुपारपर्यंत त्यांची कड उचलली जायची. उलटताना बारीक तडतड आवाज यायचा. तो आवाज मी नंतर कुठंच ऐकला नाही. आता कुरडया लातूरच्या दुकानात पिशवीत मिळतात, त्या बोलत नाहीत.

मला काम एकच. काळं फडकं बांधलेली काठी. “अठ्ठेचाळीस पानं लिवलीस ना त्याच्यावर,” आक्का म्हणायच्या, “आता हाकल.” मी डॉक्टरेट मिळवलेला माणूस डोक्याला टॉवेल बांधून चार-चार तास कावळे हाकायचो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आक्का वही घेऊन बसायच्या. त्या परत लिहायला लागल्या होत्या. कावळा आला, मी हुश्श केलं, की त्यांचा पेन थांबायचा, त्या वर बघायच्या आणि परत लिहायच्या. कुठल्या कुठल्या गोष्टींत माझा कावळा आहे, हे मी पुढं दिवाळी अंकात शोधत बसायचो.

पहिली नवी गोष्ट त्याच वर्षी दिवाळीत आली. गावचे गुरुजी चुकून एका जित्या बाईचं नाव मेलेल्यांच्या वहीत घालतात, आणि ती बाई रोज सकाळी त्यांच्या दारावरून जाते, थांबते, राम राम गुरुजी म्हणते आणि पुढं जाते. एवढीच गोष्ट. गाईडांचा फोन आला, “बिघडला का नाही उपसंहार?” ते अजिबात हसत नव्हते.

आणि दर उन्हाळ्यात, शेवटच्या दिवशी, आम्ही पिशव्या भरत असताना आक्का विचारायच्या, “खोडलं का?”

पहिल्या वर्षी मी म्हणालो, पेन हरवला. त्यांनी संगीताकडं बघितलं. ती मान खाली घालून पापड्या मोजत होती. दुसऱ्या वर्षी अर्जाचा नमुना मिळाला नव्हता. मग गाईडांची शिफारस लागत होती, मग गाईड निवृत्त झाले. मग मी प्राचार्य होण्याच्या खटपटीत होतो, तेव्हा स्वतःच्या प्रबंधात चूक आहे असं लिहून देणं बरं दिसलं नसतं. प्राचार्य झालो नाही ते नाहीच, तरी अर्ज राहिला. दर वेळी मी म्हणायचो, करतो की, आक्का. त्या कधी चिडल्या नाहीत. शेवटाकडं, जिना चढणं बंद झाल्यावर, खाली ओसरीत बसून वरच्या कावळ्यांचा आवाज ऐकत, त्या एकदाच सरळ बोलल्या.

“मी मरायची वाट बघून राहिलास व्हय? मी गेले की तो शब्द खरा हुईल, असं वाटतंय तुला. न्हाई हुणार. तू लिवला तवा मी जित्ती होते. मी मेल्यावर बी तो खोटाच ऱ्हाईल.”

यंदाच्या चैत्रात त्या गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा धाब्यावर कुणीतरी घातलेल्या कुरडया अर्ध्या वाळून तशाच होत्या. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. तास झाला. पुतण्या म्हणाला, घराचं बघतो. पुतणसुना म्हणाल्या, वाळवण दर वर्षी घालू. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसून बघत होते. संगीतानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झालो, हात जोडले आणि पुटपुटलो, “खोडतो, आक्का.” एक कावळासुद्धा हलला नाही. बरोबरच होतं. बावीस वर्षं ते माझं ‘करतो की’ वरून ऐकत आले होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून भागवलं.

देगलूरहून परतताना मला कळलं, की गप्प बसलो तर आता काहीच करायची गरज नाही. शब्द आपोआप खरा झालाय. उद्या कुणी प्रबंध उघडला तर त्याला चूक दिसणारसुद्धा नाही. माझ्यासारख्या माणसाच्या चुका अशाच निस्तरतात, थांबून राहून. तेवढ्यासाठीच मग नांदेड गाठलं. अर्ज केला नाही, शिफारस मागितली नाही.

तर मी पेन काढला. ‘दिवंगत’वर एक आडवी रेघ मारली. ती जरा वाकडी गेली म्हणून दुसरी मारली. मग चौथं प्रकरण काढलं आणि मृत्यू अंगणात उतरतो त्या वाक्याशेजारी समासात लिहिलं, ‘कावळा पापड खायला यायचा.’

काउंटरवरची मुलगी कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. म्हणाली, सर, यावर लिहायला मनाई आहे. मी म्हणालो, माझंच आहे. ती म्हणाली, नाही, विद्यापीठाचं आहे. तेही खरं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. हयातीच्या दाखल्यापाशी ती स्टूल ओढून बसली. सगळं ऐकून तिनं खोडलेला शब्द बघितला, समासातला कावळा बघितला. म्हणाली, “मग खाली सही करा ना सर. खाडाखोडीवर सही नसली तर ती चालत न्हाई.” मी सही केली. तारीख टाकली. इतकी जड सही मी लग्नाच्या रजिस्टरवरही केली नव्हती.

संध्याकाळी लातूरला घरी पोचलो. संगीता मेथी निवडत होती. मी बूट न काढताच सांगत सुटलो, रेघ कशी मारली, दुसरी कशी मारली, सही कशी केली. जरा छाती काढूनच सांगितलं असेल. तिनं मेथी बाजूला ठेवली, आतल्या खोलीत गेली, दिवाणाची फळी उचलल्याचा आवाज आला. बाहेर आली ती आमची घरातली प्रत घेऊन. ती प्रत मी बावीस वर्षांत एकदाही उघडली नव्हती. स्वतःचा प्रबंध कोण वाचतं.

पहिलं पान. ‘दिवंगत’वर निळ्या-काळ्या शाईची एक सरळ रेघ. तिच्यावर दुसऱ्या अक्षरात लिहिलेलं, ‘हयात’. आणि खाली सही, ‘चंद्रा, देगलूर’.

“रेघ माझी,” संगीता म्हणाली. “त्याच दिवशी, बसमध्ये. लोह्याच्या पुढं तुम्ही घोरत होतात, पेन खिशातून माझ्या मांडीवर पडला. ‘हयात’ अन् सही आक्कांची, पहिल्याच उन्हाळ्यातली. तुम्ही वर कावळे हाकत होतात.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

“आक्काच म्हणाल्या, सांगू नको त्याला. एक प्रत खोडलीय म्हणलं की बाकीच्यांना तो हात लावायचा न्हाई.” तिनं शिलाई मशीनच्या खणातून टोपणाला दोरा गुंडाळलेला पेन काढला आणि माझ्या खिशाला लावला. “कॉलेजातली प्रत राहिलीय. अन् गाईडांच्या घरची. शाई भरून ठेवलीय, उद्या जावा.”